मागच्या मोरीतलं गरम पाणी

१

गिझर पुढच्या न्हाणीत बसवू नका, असं मी घसा फोडून सांगत होते. पण आमच्या घरात बाईचं ऐकलं की पुरुषाला ताप येतो. आमचे हे, अभिमन, बसच्या डेपोत मेकॅनिक. यंत्र म्हटलं की त्यांनाच सगळं कळतं. म्हणाले, "मीटर पुढे, टाकीचा पाईप पुढे, गिझर मागे काय तुझ्या डोक्यावर बसवू?"

बसवला पुढे. आणि गरम पाणी लागतं कुठे? मागे!

धुळ्यातलं आमचं घर म्हणजे एक लांबलचक पट्टी. पुढची खोली, मधली खोली, स्वयंपाकघर, मागची खोली आणि अगदी शेवटाला मोरी. या सगळ्यांच्या कडेनं एक अंधारा बोळ, पुढच्या न्हाणीपासून मागच्या मोरीपर्यंत. त्याच बोळाच्या भिंतीवरून पाईप नेला. भांडी मागच्या मोरीत, धुणं मागच्या मोरीत आणि आता बाळंतिणीची आंघोळही तिथंच, कारण माझी पुष्पा पहिलटकरीण माहेरी आलेली, मुलगा झालेला, आणि बाळंतिणीची बाज मागच्याच खोलीत. पुढची न्हाणी कुणासाठी? यांच्या दाढीसाठी.

पौषाची थंडी. सकाळी मी पुढे जाऊन गिझरचं बटण दाबायचं, दिवा विझेपर्यंत उभं राहायचं, मग बोळातून मागे यायचं आणि नळ सोडायचा. सोडला की काय येतं? बर्फ! रात्रभर पाईपात उभं असलेलं सगळं पाणी आधी बाहेर पडणार, तेव्हा कुठं कोमट, मग गरम. तोवर इकडे तेल लावलेलं उघडं पोर झुंबरबाईच्या पायांवर काकडतंय. झुंबरबाई म्हणजे आमच्या भागातली बाळ-बाळंतिणीला न्हाऊ घालणारी. तिचा हात चालतो तसं तोंडही चालतं.

"भागाबाई," ती म्हणायची, "तुमना गिझर शे की बैलगाडी?"

आणि नळाला पाणी येतं एक दिवसाआड, तेही पालिकेची मर्जी झाली तर. ते गार पाणी सोडून द्यायचं म्हणजे पापच. म्हणून मी नियम केला होता: पहिलं गार पाणी लोखंडी बादलीत धरायचं, त्यावर भांडी घासायची. साधा नियम. पण हा पाळणारं या घरात कुणी जन्मलंच नव्हतं. पुष्पा खुशाल मोरीत सोडून द्यायची. हेही सोडायचे. ओरडणारी मी एकटी.

२

शेवटी गनीला बोलावलं. गनी मिस्त्री नळाची कामं करतो, आमच्या लग्नाच्या आधीपासून या घरातले नळ त्याच्याच हातचे. बोळात पाईपाला हात लावत लावत तो शेवटपर्यंत गेला आणि हसत परत आला.

"भागाक्का, पाईप लांब आहे."

"हे सांगायला तुला बोलावलं का रे? लांब आहे ते मला रोज चालून कळतं."

"तसं नाही. पाईपात जेवढं पाणी उभं आहे, तेवढं आधी बाहेर येणार. त्याच्या मागे गरम पाणी. मधल्या मधे उडी मारून ते येत नाही."

"मग उपाय?"

"गिझर मागे न्या."

हे पुढून ओरडले, "गिझर हलणार नाही!"

गनीनं माझ्याकडे बघून डोळे मिचकावले. "मग पाईपाला गोणपाट गुंडाळतो. गरम पाणी वाटेत थंड होणार नाही. थोडा फरक पडेल. पण भागाक्का, खरं सांगू? लगेच गरम पाणी पाहिजे असेल तर एकच गोष्ट. तुमच्या आधी कुणीतरी नळ सोडलेला असला पाहिजे."

त्यानं गोणपाट फाडून पट्ट्या केल्या, सुतळीनं आवळून बांधल्या. जोड तेवढे उघडे ठेवले, गळलं तर कळावं म्हणून. बोळातला पाईप हातपाय मोडून प्लास्टरात घातलेल्या माणसासारखा दिसायला लागला. पुष्पा म्हणाली, "आई, त्याच्याकडे बघवत नाही गं." मी म्हटलं, "बघू नकोस. पाणी गरम येऊ दे म्हणजे झालं."

३

आणि आलं की!

दुसऱ्याच दिवशी मी बटण दाबलं, दिवा विझला, मागे आले, नळ सोडला आणि हात मागे घेतला. भाजला! पहिल्या थेंबापासून गरम. मी तिथूनच ओरडले, "अहो, बघा! गोणपाटानं केलं जे तुमच्या मेकॅनिकीनं झालं नाही!" तीन-चार दिवस मी गल्लीत ज्याला त्याला सांगत सुटले. झुंबरबाईसुद्धा खूश.

मग एकदा भांडी घासायला वाकले, तर लोखंडी बादली भरलेली. काठोकाठ, गार पाणी.

मी धरलं नव्हतं. धरायला गारच आलं नव्हतं ना! नळ सोडला की गरम. मग हे गार कुठून आलं?

"पुष्पे, बादली तू भरलीस?"

"मी बाजेवरून उठले तरी का? आणि तुझ्या त्या बादलीला मी हात लावत नाही, तुला माहीत आहे."

ते खरं होतं. यांना विचारलं, तर म्हणाले, "घरात पाणी भरलेलं आहे याचीही आता तक्रार का?"

मला राग कशाचा आला ते सांगते. वर्षानुवर्षं मी या घराला एक नियम शिकवते आहे, कुणी पाळत नाही, आणि आता कुणीतरी तो पाळतंय आणि कबूल करत नाही! मी मागचं दार बघितलं. कडी आतून. मोरीला खिडकी म्हणून एक झरोका आहे, त्यातून मांजर कसंबसं येतं. मांजर काही बादली भरत नाही.

दुसऱ्या सकाळी तेच. नळ सोडला की गरम, आणि बादली भरलेली. मी पाणी ओतून दिलं, बादली पालथी घातली आणि पुढे गेले. बटण दाबलं, दिवा विझेस्तोवर उभी राहिले. परत आले तर बादली उभी, भरलेली आणि तिच्यातलं पाणी अजून हलत होतं.

गनी रस्त्यात भेटला तेव्हा मी म्हटलं, "तुझ्या गोणपाटानं कमाल केली रे. पहिल्या थेंबाला गरम."

तो थांबला. "पहिल्या थेंबाला?"

"पहिल्या."

"असं होणार नाही, भागाक्का. गोणपाटानं रात्रीचं गरम पाणी सकाळपर्यंत राहत नाही. तुमच्या घरात कुणीतरी तुमच्या आधी सोडतंय."

"कोण सोडेल?"

"आता ते मी काय सांगू," तो म्हणाला आणि सायकलवर बसला. "घर तुमचं."

४

झुंबरबाई रुसली, तेव्हा गोष्ट पाण्यावरून पोरावर आली.

मी स्वयंपाकघरात डिंकाचे लाडू वळत होते. ती नेहमीसारखी मागे गेली आणि तशीच फणकारत परत आली, पदर खोचलेला, हात कोरडे.

"पोऱ्यानी आंघोय तं व्हई गयी. मंग माले कसाले बलावतस?"

"कुणाची आंघोळ झाली?"

"ऱ्हाऊ द्या बाई. माना हात तुमले आवडत नई तं तोंडवर सांगा." माझा हात आवडत नसेल तर तोंडावर सांगा, म्हणे. चपला घालून चालती झाली. मागून मी हाका मारल्या, वळून बघितलं नाही. दुसऱ्या दिवसापासून ती आलीच नाही.

मी मागच्या खोलीत गेले. बाळ पुष्पाच्या कुशीत गुंडाळलेलं. टाळूवर हात ठेवला. जावळ ओलं. अंगाला तेल आणि चण्याच्या पिठाचा वास, गळ्याच्या वळ्यांत पीठ राहू नये म्हणून बोट फिरवलेलं, तेही मी फिरवते तसंच.

"पुष्पे, याला कुणी आंघोळ घातली?"

पुष्पानं झोपेतूनच डोळे उघडले. "म्हणजे? तूच तर घेऊन गेलीस मघाशी."

"मी?"

"आई, काय झालंय तुला? तू आलीस, त्याला उचललंस, मला म्हणालीस, पडून राहा, पाणी वाया घालवू नकोस. मग आणून ठेवलंस."

मी डिंकाच्या हातानं तिथं उभी. खोलीत मी आत्ता येत होते, सकाळपासून पहिल्यांदा.

बाळंतीण बाई. अंगात रक्त नाही, झोप नाही. तिला भास झाला असेल, असं मी स्वतःला सांगितलं. झुंबरबाईनंच पोराला न्हाऊ घातलं असेल आणि भांडणाला कारण म्हणून हे नाटक केलं असेल. असेल. पण तिचे हात कोरडे होते ना!

आणि मी? मला माहीत नसताना मीच रोज त्या पोराला आंघोळ घालत होते, ते माझ्या नवऱ्यालासुद्धा पटलं नसतं. मुद्दा एवढाच की पोराची आंघोळ दोनदा होत होती. एक झुंबरबाई घालायची, ती रुसल्यावर मी; दुसरी कुणाची ते देव जाणे. बाळाच्या पाठीची कातडी लालसर व्हायला लागली होती. दूध ओढता ओढता तो दमायचा, मधेच थांबायचा आणि डोळे मिटायचा. डॉक्टरांनी वजनकाट्यावर ठेवला, तर म्हणाले, "आजी, आंघोळ जरा कमी करा, एवढं अंग चोळायचं नसतं." मी आजी! मी चोळते म्हणे!

सव्वा महिना व्हायच्या आत त्याला पहूरला त्याच्या घरी पाठवता येत नव्हतं. पाठवलं असतं तर पुष्पाच्या सासूनं काय काय म्हटलं असतं ते मला पाठ आहे. आणि ठेवलं तर ते पोर माझ्याच घरात, माझ्याच मोरीत, रोज थोडं थोडं सुकत होतं.

५

मी ठरवलं, पकडायचं. जो कोणी आहे त्याच्या झिंज्या धरायच्या.

सकाळी बाळाला बघितलं. कोरडा, गुरगुटून झोपलेला. मोरी बघितली. कोरडी. बादली पालथी. मग पुढे जाऊन बटण दाबलं. दिवा विझला, तशी चपला काढल्या आणि बोळात शिरले. बोळात दिवा लावला नाही, गरज काय, पाईप होता ना! हात पाईपावर ठेवून चालायला लागले.

पहिला जोड गरम. तो न्हाणीजवळच होता, त्याचं नवल नाही. दुसरा जोडही गरम. मधल्या खोलीच्या भिंतीपाशी तिसरा जोड. तो थंड होता, आणि माझा तळवा त्यावर असतानाच तो कोमट झाला, मग ऊन झाला.

म्हणजे पाणी आत्ता वाहत होतं. पुढे कुणीतरी नळ सोडला होता.

पाऊल पुढे टाकलं. चौथा जोड, स्वयंपाकघराच्या मागे. माझ्या हाताच्या आधी ऊब तिथं पोचलेली. ऊब पुढे, मी मागे. खरं सांगते, मला तेव्हा भीती वाटली नाही, संताप आला. माझ्या घरात, माझ्याच पाईपातून, माझ्या पुढे चालतंय कोण?

मग आवाज आला. आंघोळीचा आवाज कुठल्याही बाईला डोळे मिटून ओळखता येतो. लोट्यातलं पाणी पाठीवर पडतं तो एक आवाज, तळहात तेलाच्या पाठीवरून सरकतो तो दुसरा. आणि मधे मधे, "झालं रे, झालं, झालं."

मोरीचं दार अर्धवट लोटलेलं. आतून वाफ. फटीतून पाटाच्या पुढे लांब केलेले दोन पाय दिसले. लुगडं गुडघ्यांपर्यंत वर घेतलेलं, नडग्यांवर पोर पालथं घातलेलं, त्याच्या टाळूवरून पाणी ओघळतंय.

"झुंबरबाई, आलीस होय?" मी म्हटलं. आता मलाच विचारा, मी असं का म्हटलं. दुसरं तोंडात काही आलं नाही.

लोटा थांबला. ते दोन पाय हळूच आत ओढले गेले, उन्हात बसलेली बाई सावलीत पाय घेते ना, तसे. घाई नाही.

मी दार ढकललं. ओला पाट. भरलेली बादली. नळ बंद, टोकाला एक थेंब लटकलेला. मागच्या दाराची कडी आतून.

खोलीत धावले. बाळ बाजेवर पुष्पाजवळ, धुतलेल्या फडक्यात गुंडाळलेलं, जावळातून पाणी गळतंय. पुष्पा म्हणाली, "आई, आज लवकर झालं गं तुझं."

६

यांना सगळं सांगितलं. ऐकून घेतलं, मग म्हणाले, "तू झोपत नाहीस. बाळंतपण तिचं आणि दमतेस तू."

"गिझर मागे न्या."

"पुन्हा तेच?"

"मी बटण दाबते तिथून मोरीपर्यंत येते, तेवढ्या वेळात ते होतं. तेवढा वेळच ठेवायचा नाही. गिझर नळाच्या डोक्यावर पाहिजे. मी तिथंच उभी, बटण तिथंच, नळ तिथंच, पोर माझ्या पायांवर. मग बघते कोण मधे येतं."

हे उठले, बोळाच्या तोंडाशी जाऊन आत डोकावले. मग म्हणाले, "काल मी डेपोतून आलो, तर मागून तुझा आवाज येत होता. पोराशी बोलत होतीस. आणि तू पुढे ओट्यावर भाजी निवडत होतीस."

"आणि हे मला आज सांगताय?"

"मला वाटलं, मलाच..." आणि हे चपला घालून गनीला स्वतः बोलवायला गेले.

गनीनं दुपारभर खपून गिझर काढला, टाकीचा वेगळा पाईप मागे ओढला आणि गिझर मोरीच्या भिंतीत खिळे ठोकून बसवला. बोळातला पाईप त्यानं तसाच ठेवला, फक्त आता तो उलटा चालणार होता, मागून पुढे, यांच्या दाढीसाठी. "आता पुढच्या न्हाणीला गरम पाण्याची वाट बघावी लागेल, भागाक्का," तो म्हणाला.

"बघू दे. तिथं कुणाचं पोर उघडं बसलेलं नाही."

त्यानं हत्यारं गोळा केली. एकदा मोरीत बघितलं आणि मला म्हणाला, "भागाक्का, तुम्ही मघाशी हात धुवायला आला होतात का इथं?"

"नाही."

"बरं," तो म्हणाला आणि पिशवी उचलून निघाला.

७

दुसऱ्या सकाळी सगळं सुरळीत. हे कामावर गेले. पुष्पाला आज बरं वाटत होतं, तिला म्हटलं, जा, पुढच्या ओट्यावर कोवळं ऊन घे. ती शाल घेऊन गेली. बाजेवरून बाळाला मी स्वतः उचललं. फडक्यात तोंडापर्यंत गुरगुटलेला, गाढ झोपेत. मोरीत गेले. बटण दाबलं, दिवा विझेस्तोवर नळासमोरून हलले नाही. मोरी कोरडी. बादली पालथी. दार मी लोटलं, कडी लावली.

नळ सोडला. गार एक ओंजळ, लगेच गरम. बरोबर, असंच यायला पाहिजे. हायसं वाटलं मला. इतक्या दिवसांनी पहिल्यांदा पाणी जसं यावं तसं आलं.

पाटावर बसले, पाय लांब केले. फडकं सोडून बाळाला नडग्यांवर पालथं घातलं. तेल लावलं, पीठ लावलं. पाठीवर लोटा ओतला. मग टाळूवर. रडला नाही. शहाणा माझा, म्हटलं, आजीच्या हाताची सवय झाली. मानेमागून बोटं फिरवली. "झालं रे," म्हटलं, "झालं, झालं."

तेव्हा पुढून आवाज आला.

लांबून, बोळाच्या पार त्या टोकाकडून. पुढच्या न्हाणीत पाणी पडत होतं. मला वाटलं, हे परत आले. मग पोर रडलं. टाळूवर पाणी पडलं की पोर रडतं तसं, श्वास कोंडून, मग एकदम टिपेला. आमच्या पोराचं रडणं. आजीला ते हजार पोरांत कळतं.

"आई, हळू गं!" हा पुष्पाचा आवाज, ओट्यावरून. "डोळ्यांत जातंय त्याच्या!"

आणि न्हाणीतून उत्तर गेलं, चिडून, माझ्याच तोंडचं, "मला शिकवू नकोस! तू ऊन घे!"

पुष्पा हसली. तिथं सगळं ठीक होतं. तिथं आजी होती, नातू होता, नातू रडत होता, जोरात, छातीभर, इतक्या दिवसांत रडला नव्हता तसा.

मी हाक मारायला तोंड उघडलं. कुणाला मारणार होते? पुष्पा म्हणाली असती, आई, तू तर इथं आहेस.

माझा एक हात पाठीवर होता. पाठ गरम होती, ती माझ्या पाण्यानं. बोटांखाली श्वास लागत नव्हता. तोंड खाली होतं, माझ्या घोट्यांच्या मधे, आणि ते मला अजून दिसलेलं नव्हतं. सकाळी फडक्यात गुरगुटलेलं उचललं होतं, तेव्हाही कुठं बघितलं होतं मी?

नळ चालू होता, लोटा भरलेला होता. पाणी थांबलं की पाठ गार पडणार, आणि गार पडली की पायांवरचं ते मान वळवून माझ्याकडे बघणार, एवढंच मला त्या वेळी कळत होतं.

मी लोटा ओतला. मग दुसरा भरला.